रात्री धनुष्यबाणाने बुलफ्रॉगची शिकार : मिसुरीच्या शेततळ्यांवरची पूर्वतयारी ते ताट

उन्हाळा तापला की अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या शेततळ्यांवर रात्री दिवे हलताना दिसतात. बहुतेकांच्या हातात लांब दांड्याचा काटेरी भाला असतो, त्याला इथे गिग म्हणतात. काहीजण नुसत्या हाताने किंवा जाळीने बुलफ्रॉग, म्हणजे इथला मोठा बेडूक, पकडतात. थोडे लोक धनुष्य घेऊन येतात. सेंट लुइस, कॅन्सस सिटी, कोलंबिया या बाजूला राहणारी आणि इथल्या मित्रांबरोबर मासेमारी-शिकारीला जाऊ लागलेली मराठी मंडळी मला या धनुष्यवाल्या पद्धतीबद्दल विचारत असतात. त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून काढतो आहे.

धनुष्य हातात आलं की लांबवर बाण टाकायचा मोह होतो. बेडकाच्या शिकारीत हा मोह आवरणं हेच खरं काम आहे. दहा-बारा फुटांच्या आत जाता आलं नाही तर बाण सुटता कामा नये. लांबून लागलेला बाण बेडकाला अर्धवट जखमी करतो, आणि जखमी बेडूक तळाच्या चिखलात शिरला की तो कुणालाच मिळत नाही. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं हे अंतर कमी कसं करायचं याबद्दल आहे.

आधी कायदा

भारतात हे करायचं नाही, हे सर्वांत आधी. आपल्याकडच्या बेडकांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे आणि शिकार केल्यास कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. तरीही गोव्यात पहिल्या पावसात बाहेर येणारे मोठे बेडूक 'जंपिंग चिकन' या नावाने चोरून विकले जातात आणि वनखात्याला रात्रीची गस्त घालावी लागते. ते बेडूक वर्षभर थांबून त्या थोड्या दिवसांत विणीसाठी बाहेर येतात. त्याच वेळी त्यांना मारलं की पुढची पिढीच खुंटते. गावी सुट्टीवर गेल्यावर इथली हौस तिथे भागवू नका.

मिसुरीत बुलफ्रॉग मूळचाच आहे. 2005 पासून तो राज्याचा अधिकृत उभयचर प्राणी आहे, आणि त्याच्या शिकारीला हंगाम व मर्यादा आहे. हंगाम 30 जूनच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि 31 ऑक्टोबरला संपतो. बुलफ्रॉग आणि ग्रीन फ्रॉग या दोनच जाती मारता येतात. दोन्ही मिळून दिवसाला 8, आणि जवळ बाळगायला एकूण 16. मासेमारीचं परमिट असो की छोट्या प्राण्यांच्या शिकारीचं, धनुष्य दोन्हींवर चालतं, आणि कृत्रिम उजेड वापरायलाही परवानगी आहे. दिवस मध्यरात्री बदलतो. बाराच्या आत आठ झाले आणि तुम्हाला पुन्हा उतरायचं असेल, तर आधीचे आठ बेडूक पाण्यापासून आणि काठापासून दूर नेऊन ठेवल्याशिवाय उतरता येत नाही. नियम बदलतात, त्यामुळे राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याची त्या वर्षीची पुस्तिका पाहूनच निघा.

कॅलिफोर्नियातली गोष्ट वेगळी. तिथे बुलफ्रॉग बाहेरून आला. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीने आणि त्यानंतरच्या हॉटेलांनी तिथला लाल पायांचा बेडूक खाऊन खाऊन विरळ केला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडून बुलफ्रॉग आणून सोडले गेले. तोंडात मावेल ते सगळं बुलफ्रॉग गिळतो, स्थानिक बेडकांची पिल्लंसुद्धा. त्यात तो कायट्रिड नावाच्या बुरशीचा रोग स्वतः फारसा आजारी न पडता इकडून तिकडे नेतो. तिथेही बुलफ्रॉगवर धनुष्यबाण चालतो. मात्र लाल पायांचा बेडूक 1996 पासून केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे आणि 2014 पासून तो त्या राज्याचा अधिकृत उभयचर आहे. तिथे ओळख चुकली तर फार महागात पडेल.

ओळख

रात्री, दिव्याच्या उजेडात, अर्धं अंग पाण्यात असताना बेडूक ओळखता यायला हवा. रंगावर विसंबू नका. एकाच तळ्यातले बुलफ्रॉग पोपटी, शेवाळी, तपकिरी असे सगळे दिसतात. बघायची ती पाठीवरची घडी. बुलफ्रॉगच्या डोळ्यामागून एक कड निघते, कानाच्या गोल पडद्याला वळसा घालते आणि खांद्याकडे उतरून संपते. पाठीच्या दोन्ही बाजूंनी मागपर्यंत जाणाऱ्या उभ्या घड्या त्याला नसतात. ग्रीन फ्रॉगला त्या असतात. अंगावर ठिपके असलेल्या लेपर्ड फ्रॉगला असतात, आणि कॅलिफोर्नियाच्या लाल पायांच्या बेडकालाही असतात. म्हणून मी नवख्याला एकच सांगतो: पाठ सपाट दिसली तरच धनुष्य उचल. मिसुरीत ग्रीन फ्रॉग चालतो हे खरं, पण तो लहान असतो आणि घड्या असलेल्या संरक्षित जातींशी त्याचा गोंधळ होऊ शकतो. पहिल्या हंगामात त्याला सोडूनच द्या.

कानाचा पडदा डोळ्यापेक्षा बराच मोठा आणि गळा पिवळा असेल तर तो नर. मादीचा पडदा साधारण डोळ्याएवढा असतो. मोठा बुलफ्रॉग बसलेल्या स्थितीत नाकापासून बुडापर्यंत 15 सेंटिमीटर सहज भरतो, क्वचित 20 पर्यंतही जातो.

काठावरच्या गवतात टोडही बसलेले असतात. खरखरीत, कोरडी, फोडांची कातडी आणि डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी. त्या ग्रंथींतलं विष शिजवूनही जात नाही. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

धनुष्य आणि बाण

मासे मारायचं धनुष्य असेल तर तेच चालतं. नवीन घ्यायचं तर 25 ते 30 पाउंड ओढीचं, आखूड आणि साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घ्या. हरणाच्या शिकारीचं, चाकांवरून दोरी फिरणारं जोरदार कंपाउंड धनुष्य इथे अडचणच करतं. बाण बेडकातून आरपार जाऊन चिखलात रुततो किंवा बांधाच्या दगडावर आपटून टोक मोडतं. शिवाय बोटीत बसून, वाकून, अर्धीच ताणदोरी ओढून मारायची वेळ बऱ्याचदा येते, आणि ते साध्या धनुष्यानेच जमतं. ताणदोरी सोडायचं ट्रिगरवालं उपकरण (रिलीज) नको. बोटांना चामड्याची पट्टी किंवा ताणदोरीवरचे रबरी गुंडे पुरेसे आहेत.

बाण भरीव फायबरग्लासचा, पिसांशिवायचा. तो जड असल्याने पाण्यात शिरतो आणि बुडतो, म्हणून त्याला दोरी हवीच. टोक हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. माशांसाठी असतं ते एका सुळ्याचं टोक बेडकावर नेमकं बसायला कठीण जातं. तीन किंवा पाच काट्यांचं, गिगसारखं आकड्या असलेलं टोक घ्या. ते बाणाला स्क्रूने बसतं. रुंदी मिळते, त्यामुळे नेम थोडा हुकला तरी बेडूक धरला जातो, सुटत नाही. धारदार पात्यांचं टोक मात्र अजिबात नको, त्याने मांस फाटतं आणि बेडूक निसटतो. काटे दगडावर वाकतात, म्हणून खिशात पक्कड आणि छोटी कानस ठेवा.

बाणाची दोरी साठवणारी, धनुष्यावर बसणारी रीळ बाटलीच्या आकाराची असो की हाताने गुंडाळायची ड्रमसारखी, बेडकासाठी दोन्ही सारख्याच. दोरी जाड, वेणीची घ्या. बेडकाचं वजन ते किती, पण ओल्या हातांना बारीक दोरी कापते आणि अंधारात गुंता सोडवताना जीव जातो.

दोरी बाणाला कशी बांधली आहे, इकडे पूर्ण लक्ष द्या. ती बाणाच्या शेपटाला थेट बांधली तर धनुष्याच्या ताणदोरीत अडकू शकते. तसं झालं तर सुटलेला बाण उलटा तुमच्याच तोंडावर येतो. बाणावर सरकणारी एक कडी मिळते, तिला सेफ्टी स्लाइड म्हणतात. ती लावली की बाण सुटेपर्यंत दोरी धनुष्याच्या पुढेच राहते. स्लाइड नसलेला बाण मी कुणालाही वापरू देत नाही. दोरी हाताला, मनगटाला, बोटीच्या खुंटीला गुंडाळायची नाही, आणि पायाखाली तिचा वेढा पडलेला नाही हे प्रत्येक बाणाआधी बघायचं. डोळ्यांवर पारदर्शक संरक्षक चष्मा असू द्या. तो फांद्या आणि किडे यांच्यासाठीही उपयोगी पडतो.

उजेड

डोक्यावरचा दिवा प्रखर, पांढरा आणि एका जागी झोत टाकणारा हवा. तुमची नजर जिथे, तिथे उजेड, आणि दोन्ही हात धनुष्याला मोकळे. बेडकाच्या डोळ्यांवर झोत स्थिर राहिला की तो दिपून जागच्या जागी बसतो. झोत क्षणभर बाजूला गेला तर त्याला तुम्ही दिसता, आणि मग फक्त पाण्याचा आवाज ऐकू येतो.

डोक्यावरच्या दिव्याच्या दोन अडचणी आहेत. धनुष्य चकचकीत असेल तर ओढल्यावर त्यावरून परावर्तित उजेड डोळ्यांत शिरतो. त्याला काळी खरखरीत टेप गुंडाळा. दुसरी अडचण किड्यांची. ते थेट तोंडावर येतात, आणि नेम धरलेला असताना पापणी मिटते. म्हणून दोघांनी जावं: एकाने मागून, धनुर्धराच्या खांद्यावरून मोठा टॉर्च धरायचा, दुसऱ्याने बाण मारायचा. टॉर्चवाल्याने झोत कधीच हलवायचा नाही आणि धनुर्धराने झोताच्या आड यायचं नाही. सावली अंगावर पडली की बेडूक उडी मारतो.

सराव

दिवसा अंगणात सराव करून रात्री तळ्यावर जाल तर निराश व्हाल, कारण अंधारात झोताच्या उजेडात अंतर नेहमी चुकीचं वाटतं. मातीच्या उताराशी किंवा वाळूच्या पोत्यापुढे जुना टेनिसचा चेंडू ठेवा आणि रात्री, दिवा लावून, दोरी बांधलेल्या बाणाने मारा. उभं राहून, गुडघ्यावर बसून, स्टुलावर बसून. दोरी बाणाला मागे खेचते, त्यामुळे पिसांच्या बाणाची सवय असलेल्यांचा बाण सुरुवातीला खाली पडतो. आठ फुटांवरून दहापैकी नऊ बाण चेंडूला लागेपर्यंत तळ्यावर जाऊ नका. अंतर वाढवायची घाई करू नका, तळ्यावरही तेवढ्याच अंतरावरून मारायचं आहे.

तळं निवडणं

मिसुरीत बरीच शेततळी खाजगी जमिनीवर आहेत. मालकाची परवानगी घ्या, आणि ज्या रात्री जाणार त्या संध्याकाळी पुन्हा फोन करून वेळ सांगा. रात्री शेतात अनोळखी दिवे हलताना दिसले तर शेजारी पोलिसांना बोलावतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. काम झाल्यावर मालकाला साफ केलेल्या तंगड्यांची एक पिशवी नेऊन द्या. पुढच्या वर्षीची परवानगी त्यातूनच मिळते.

दिवसा एकदा तळं बघून ठेवा. काठ उथळ, पाणकणीस आणि कमळाची पानं, मधे मोकळ्या पाण्याच्या वाटा, अशी जागा बुलफ्रॉगला आवडते. बांध कुठे दगडी आहे, तार कुठे आहे, गुरं कुठे बसतात, पलीकडे घर आहे का, हे उजेडातच पाहायचं. फवारणीचं पाणी वाहून येतं अशा तळ्यातले किंवा गोल्फच्या मैदानातले बेडूक खाऊ नका.

जुलै मला सगळ्यांत आवडतो. नर अजून ओरडत असतात, आणि त्यांचा तो खोल, घुमणारा आवाज जागा दाखवतो. ऑगस्टनंतर आवाज थांबतात आणि शेवाळ दाट होतं. वारा नसलेली, दमट, चंद्र नसलेली रात्र निवडा. वाऱ्याने पाणी हललं की झोत फुटतो आणि डोळे दिसत नाहीत.

तळ्यावर

पूर्ण अंधार पडल्यावर तासाभराने सुरुवात करा. आधी दिवे बंद करून काठावर उभं राहा आणि ऐका. आवाज कुठून येतात ते लक्षात ठेवा, कारण जवळ गेल्यावर ते बंद होणार.

बुलफ्रॉग बहुधा पाण्याच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून बसतो. तुम्ही काठाने चालत गेलात तर त्याच्या पाठीमागून येता. त्याला दिवा दिसत नाही, पण पावलांची थरथर कळते. पाण्याच्या बाजूने गेलात तर झोत थेट डोळ्यांवर पडतो आणि मागे काठाची माती बाण अडवते. म्हणून सपाट तळाची छोटी बोट सगळ्यांत चांगली. मागचा माणूस वल्ह्याने ढकलतो, पुढचा गुडघ्यावर बसून मारतो. बोट नसेल तर कमरेपर्यंतचे वेडर्स (पाणी न शिरणारी, बुटांसकट विजार) घालून उथळ पाण्यातून, पाय न उचलता घसटत चाला. लाइफ जॅकेट दोन्ही वेळी अंगावर हवंच. वेडर्समध्ये पाणी शिरलं की पोहता येत नाही. राज्याच्या दक्षिण भागात कॉटनमाउथ हा विषारी पाणसाप आढळतो. हात घालायच्या आधी तिथे झोत टाका.

झोत काठाने सावकाश फिरवा. कोळ्यांचे डोळे दवासारखे बारीक चमकतात आणि ते शेकड्याने दिसतात. थोड्या वेळात फरक कळू लागतो. बेडकाचे दोन डोळे जवळजवळ, पाण्यालगत, पांढरट-हिरवट दिसतात, आणि दोन डोळ्यांमधलं अंतर त्याचा आकार सांगतं. डोळे दिसले की झोत तिथेच थांबवा आणि बोट सरळ त्याच्या रोखाने न्या. हळू बोललेलं चालतं. बोटीच्या पत्र्यावर वल्हं आपटलेलं चालत नाही.

डोळ्यांवर कधीच बाण सोडू नका. पूर्ण बेडूक दिसला पाहिजे, पाठ दिसली पाहिजे, त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे. आठ-दहा फुटांवर आलात की बोट पूर्ण थांबू द्या. धनुष्य सावकाश उचला, ओढा, नजर डोकं आणि खांदे जिथे जुळतात तिथे ठेवा, आणि सोडा. तंगड्या खायच्या आहेत, त्यामुळे मागच्या भागावर बाण नको. डोक्याच्या मागे बसलेला बाण लगेच मारतो.

शरीर पाण्याखाली असेल तर ते खऱ्या जागेपेक्षा वर दिसतं. सरळ वरून पाहिलं तरी खोली पाऊणच भासते, तिरकं पाहिलं तर आणखी कमी. म्हणून दिसतं त्याच्या थोडं खाली नेम धरा. फक्त डोकं वर आणि बाकी सगळं अंग खोल पाण्यात असेल तर सोडून द्या, तसा बेडूक थोड्या वेळाने पुन्हा काठाला येतो.

बाण पाण्यावर अगदी आडवा, सपाट कोनात कधी मारायचा नाही. तो पाण्यावरून उसळतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. दगडी बांधावरही तेच. खालच्या दिशेने बाण जाईल इतकं जवळ आणि उंच असाल तरच मारा. यासाठीही जवळ जाणंच कामाला येतं.

बाण लागल्यावर

दोरी हिसडू नका. ताण कायम ठेवून हळू ओढा आणि बेडूक आधी बोटीत किंवा काठापासून लांब घ्या, मगच बाणावरून काढा. तो हलत असेल तर डोक्यावर जड दांडक्याचा एक नेमका फटका द्या आणि लगेच टोकदार सळईने मेंदू नष्ट करा. बेडकाचा जीव चिवट असतो, त्यामुळे फक्त फटक्यावर थांबू नका. नंतर बर्फाच्या पेटीत टाका, पण वितळलेल्या पाण्यात लोळत ठेवू नका.

जखमी होऊन सुटलेला बेडूक मी माझ्या आठांत मोजतो. कायदा काय म्हणतो हा प्रश्न इथे येत नाही. तो मेलेलाच असतो, आणि तो माझ्या हातून मेलेला असतो.

साफ करणं आणि शिजवणं

घरी आल्यावर त्याच रात्री साफ करा. कमरेभोवती कातडीला एक गोल चीर द्या, एका हाताने वरचं धड धरा आणि दुसऱ्या हातात पक्कड घेऊन कातडी खाली ओढा. ओल्या मोज्यासारखी ती पायांवरून उलटी निघून येते. पंजे घोट्यापाशी कापा, कमरेपाशी जोडलेली तंगड्यांची जोडी वेगळी करा. मोठ्या बुलफ्रॉगच्या पाठीला आणि पुढच्या पायांनाही मांस असतं, ते टाकू नका. डोळ्यांना हात लावू नका, आणि शेवटी हात, पाट, सुरी साबणाने धुवा. बेडकांमध्ये साल्मोनेला आणि परजीवी कृमी असू शकतात, म्हणून कच्चं किंवा अर्धकच्चं मांस खायचं नाही.

ताज्या तंगड्यांवर मीठ टाकलं की त्या थरथरतात. घाबरू नका. प्राणी मेला तरी स्नायूंच्या पेशींत काही वेळ ऊर्जा शिल्लक असते आणि मिठातल्या सोडियममुळे त्या आकुंचन पावतात. अठराव्या शतकात गॅल्व्हानीने बेडकाच्या अशाच तंगड्यांवर विजेचे प्रयोग केले होते.

मिठाच्या थंड पाण्यात त्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाणी बदलून निथळा. इथली पद्धत म्हणजे ताकात बुडवून, मक्याच्या पिठात घोळवून तळणं. आमच्या घरी हळद, मीठ, आलं-लसूण, थोडं तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवतात, मग तांदळाचं पीठ आणि रवा एकत्र करून त्यात घोळवतात आणि लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस करतात. मांस कोंबडीपेक्षा नाजूक असतं, फार मसाला लावला की त्याची चव जाते. हाडाजवळचा गुलाबीपणा जाऊन मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं. थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस बघा. एका माणसाला मोठ्या बुलफ्रॉगच्या तीन जोड्या पुरतात.

सामान पुन्हा ठेवताना

वेडर्स, बोटीचा तळ, दोरी, टोकं, सगळ्यावरचा चिखल आणि पाणवनस्पती तळ्याच्या काठावरच काढून टाका. बोटीतलं पाणी तिथेच ओता आणि घरी सगळं उन्हात पूर्ण वाळवा. कायट्रिडची बुरशी आणि झेब्रा शिंपल्यांची पिल्लं ओल्या सामानातूनच एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. जिवंत बेडूक दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका. दोरी पूर्ण उलगडून बोटांतून फिरवा. जिथे धागे फुटलेले लागतील तिथून पुढचा तुकडा कापून टाका आणि सेफ्टी स्लाइडची गाठ नव्याने बांधा. काट्यांना कानस मारून तेलाचा हात द्या, नाहीतर पुढच्या शनिवारपर्यंत त्यांना गंज चढलेला असेल.